बारा चटयांचे माहेर

तोक्योच्या शिताया भागात एईशोजी नावाचे एक बौद्ध मंदिर आहे. १८८२ साली तिथल्या खोल्या भाड्याने घेऊन एक तरुण शिक्षक राहायला आला. सोबत काही विद्यार्थी होते. त्यांच्या सरावासाठी त्याने बारा तातामी, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या बारा जाड चटया मावतील एवढी जागा मोकळी केली. एक तातामी साधारण सहा फूट बाय तीन फुटांची, तेव्हा आपल्याकडच्या मध्यम दिवाणखान्याएवढीच ही जागा. तेवढ्यात माणसे एकमेकांना उचलून आपटायची. देवळातल्या पूर्वजांच्या नावपाट्या हादरायच्या, जमिनीखालचे वासे मोडायचे, आणि देवळाचे पुजारी हैराण व्हायचे. मग रात्री हा शिक्षक कंदील घेऊन स्वतः जमिनीखालच्या पोकळीत सरपटत शिरायचा आणि मोडलेल्या फळ्यांना टेकू द्यायचा. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते नऊ.

या शिक्षकाचे नाव जिगोरो कानो आणि त्या जागेचे नाव कोदोकान. ‘मार्ग शिकण्याचे घर’ असा त्याचा अर्थ. आज ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी दोनशेच्या आसपास देश जोडलेले आहेत. १९७२ पासून एकही उन्हाळी ऑलिम्पिक ज्युदोशिवाय झालेले नाही. या साऱ्याचे मूळ त्या बारा चटयांत आहे. पण कोदोकानच्या वाटचालीकडे पाहताना मला भव्य संस्थेपेक्षा एखादे माहेर आठवते. लेक मोठी केली, पोटच्या मायेने घडवली आणि परक्या घरी दिली. तिकडे तिचे कपडे बदलले, चालण्या-बोलण्याची रीत बदलली, आणि एक दिवस माहेरावरच तिच्या सासरच्यांकडून हार खाण्याची पाळी आली. असे माहेर कसे वागते, हे सव्वाशेहून अधिक वर्षांत कोदोकानने दाखवले आहे.

कानो यांचा जन्म १८६० सालचा, आजच्या कोबे शहरात मोडणाऱ्या मिकागे गावातला. घराणे साके गाळणाऱ्यांचे, सुखवस्तू. आई गेल्यावर वडिलांनी त्यांना तोक्योला आणले. अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ असल्यामुळे शाळेतली दांडगी पोरे त्यांना छळत. लहान माणूस मोठ्याला लोळवू शकतो अशी एक जुनी विद्या आहे, जुजुत्सु, हे त्यांच्या कानावर आले होते. पण तो काळ मेइजी राजवटीचा. सामुराईंच्या तलवारी गेल्या होत्या, पाश्चात्त्य शिक्षणाचे वारे होते आणि जुजुत्सुचे वस्ताद पोटासाठी हाडवैद्यकी करत होते. त्या हाडवैद्यांच्या पाट्या शोधत शोधतच कानो आपल्या पहिल्या गुरूपर्यंत, हाचिनोसुके फुकुदांपर्यंत पोहोचले. हे १८७७ साल. दोन वर्षांनी फुकुदा वारले. पुढे कानो मासातोमो इसोंकडे शिकले आणि त्यानंतर कितो परंपरेच्या त्सुनेतोशी ईकुबोंकडे. तोक्यो विद्यापीठाची पदवीही त्यांनी याच काळात, १८८१ मध्ये घेतली.

कानो यांनी नवे काय केले, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा आंतरराष्ट्रीय खेळ त्यावर उभा आहे. जुन्या शाळांमध्ये घातक डाव होते. बोटे मोडणे, मर्मावर आघात करणे. असे डाव पूर्ण ताकदीने जोडीदारावर करता येत नाहीत, त्यामुळे ते ठरवून दिलेल्या क्रमानेच घोटावे लागत. कानो यांनी हे डाव ‘काता’ या क्रमबद्ध सरावापुरते राखून ठेवले आणि उरलेल्या फेका, पकडी, दाब यांचा मोकळा सराव, ‘रांदोरी’, केंद्रस्थानी आणला. त्याआधी प्रत्येकाला पडायला शिकवायचे. हाताने चटईवर थाप मारून, डोके सांभाळून, शेकडो वेळा पडायचे. पडण्याची भीती गेली की पूर्ण जोराने लढता येते, आणि पूर्ण जोराने लढता आले की स्पर्धा घेता येते. घातक भाग बाजूला काढल्यामुळे विद्या दुबळी होईल, असे जुन्या वस्तादांना वाटत होते. झाले उलटेच. कोदोकानची मुले रोज खरे लढत होती, त्यामुळे १८८० च्या दशकात तोक्यो पोलिसांच्या पुढाकाराने झालेल्या लढतींत ती जुन्या शाळांना भारी पडली. शिरो साइगो या ठेंगण्या विद्यार्थ्याचे नाव तेव्हाच गाजले. त्याच्यावर बेतलेल्या कादंबरीवरूनच पुढे आकिरा कुरोसावांनी १९४३ साली आपला पहिला चित्रपट केला.

दुसरी गोष्ट तोल मोडण्याची. समोरचा ढकलतो तेव्हा ओढायचे, ओढतो तेव्हा ढकलायचे. त्याचे पाऊल हलके झाले की डाव टाकायचा. आपल्या तालमीतल्या वस्तादालाही हे माहीत असते. ‘धोबीपछाड’ आणि ज्युदोतले ‘सेओई-नागे’ शेजारी ठेवून पाहिले तर दोन चुलतभाऊ भेटल्यासारखे वाटते. पण कानो यांनी याची पद्धतशीर मांडणी केली, डावांचे गट पाडले आणि प्रगती मोजायला ‘दान’ श्रेणी आणली. १८८३ मध्ये साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता यांना पहिली दान मिळाली. कराटेच्या वर्गात काळा पट्टा बांधून जाणारी आपली मुले कानो यांनी रुजवलेल्या याच पद्धतीचा पट्टा बांधून जातात. शेवटी त्यांनी नावातला ‘जुत्सु’, म्हणजे कसब, हा शब्द काढून ‘दो’, म्हणजे मार्ग, हा घातला. जुजुत्सुचे ज्युदो झाले.

एक प्रसंग मला फार आवडतो. फुकुदांकडे शिकताना फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सोबती कानो यांना काही केल्या हटत नव्हता. त्याला कसे पाडावे हे शोधायला कानो ग्रंथालयात गेले आणि पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकातून एक डाव उचलला. प्रतिस्पर्ध्याच्या पायात हात घालून त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि फेकायचा. डाव लागू पडला. हाच पुढे ‘काता-गुरुमा’ म्हणून ज्युदोत रुळला. म्हणजे जपानची म्हणून ओळखली जाणारी ही विद्या सुरुवातीपासूनच बाहेरचे घ्यायला तयार होती. या डावाचे पुढे काय झाले, ते ओघात येईलच.

जागा वाढत गेली. देवळातून एक घर, मग दुसरे. अखेर १९३४ मध्ये सुइदोबाशीला पाचशेहून अधिक चटयांची इमारत झाली. दरम्यान कानो तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य म्हणून वीसहून जास्त वर्षे काम करत होते. आपल्याकडे त्यांना फक्त ज्युदोचे जनक म्हणून ओळखतात, पण ते आधी शिक्षक होते. चीनहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शाळा चालवली, तिथे पुढे आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू ठरलेले लू शुन शिकले. १९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले, आशिया खंडातले पहिले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला त्यांनी जपानचे दोन धावपटू नेले.

इतका ऑलिम्पिकप्रेमी माणूस, पण ज्युदोला ऑलिम्पिकमध्ये घालायला तो उत्सुक नव्हता. १९३६ मध्ये लंडनला ज्युदो शिकवणाऱ्या गुंजी कोइझुमींशी बोलताना त्यांनी सांगितले की इतर देशांची इच्छा असेल तर माझी हरकत नाही, पण मी होऊन पुढाकार घेणार नाही. त्यांच्या मते ज्युदो हा केवळ खेळ नव्हता. ‘शक्तीचा उत्तम उपयोग’ आणि ‘आपले व दुसऱ्याचे मिळून कल्याण’ या दोन सूत्रांत ते ज्युदो सांगत. राष्ट्राराष्ट्रांच्या चढाओढीत ही सूत्रे मागे पडतील, ही त्यांची शंका होती. मला ही शंका आजही खोटी वाटत नाही.

तरी लेकीची पाठवणी त्यांनीच केली होती. कोदोकानची माणसे जगभर गेली. मित्सुयो माएदा अमेरिका खंड पालथा घालत ब्राझीलला पोहोचले; तिथल्या ग्रेसी कुटुंबाने त्यांच्याकडून मिळालेल्या विद्येतून स्वतःची वेगळी शाखा वाढवली. कोइझुमींनी १९१८ मध्ये लंडनला ‘बुदोक्वाय’ उघडले. मिकिनोसुके कावाइशी १९३५ मध्ये पॅरिसला गेले आणि फ्रेंचांच्या स्वभावाला मानवेल अशी शिकवण्याची पद्धत बसवली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे रंगीत पट्टे युरोपात रुजले त्यात त्यांचा मोठा वाटा. वासिली ओश्चेपकोव्ह नावाचा रशियन तरुण कोदोकानमध्ये दान मिळवून परतला आणि सोव्हिएत रशियात ज्युदो शिकवू लागला. १९३७ मध्ये जपानचा हेर ठरवून त्याला अटक झाली आणि तुरुंगातच तो मेला. त्याने शिकवलेली विद्या मात्र ‘सांबो’ या नावाने जगली.

आणि एक जण आपल्याकडे आला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले. मुलींनीही ज्युदो शिकावे, असा रवींद्रनाथांचा आग्रह होता. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन यांनी तिथे ज्युदोचे धडे घेतले. त्या काळच्या बंगालातल्या मुली चटईवर एकमेकींना फेकत होत्या, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. दुर्दैवाने त्या रोपाला पाणी मिळाले नाही. ताकागाकी परत गेले आणि शांतिनिकेतनातले ज्युदोही विरले.

१९४० चे ऑलिम्पिक तोक्योला मिळवण्यासाठी कानो यांनी उतारवयात जिवाचे रान केले. १९३८ च्या वसंतात कैरोच्या बैठकीत ते पक्के करून ते ‘हिकावा मारू’ जहाजाने परतत होते. ४ मे रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, त्यांचा जहाजावरच न्युमोनियाने मृत्यू झाला. शवपेटी ऑलिम्पिक ध्वजात गुंडाळून उतरवली. जुलैत जपानने युद्धापायी ते ऑलिम्पिकच परत केले.

युद्धानंतर दोस्तांच्या अंमलाखाली शाळांमधल्या ज्युदोवर बंदी आली. लष्करी काळात ज्युदोला सैनिकी शिस्तीच्या दावणीला बांधले गेले होते, त्याची ही किंमत होती. या बंदीचा एक धागा थेट कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावापर्यंत येतो. शोहाची इशी हा ज्युदो खेळणारा तरुण बंदीमुळे कुस्तीकडे वळला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात तो आणि आपले खाशाबा जाधव समोरासमोर आले. खाशाबा हरले. इशीने सुवर्ण नेले, ते युद्धानंतरचे जपानचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण होते. खाशाबांनी कांस्य आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांच्या पदकाची गोष्ट आपण शंभरदा सांगतो. त्यांना हरवणारा मूळचा ज्युदोपटू होता, हेही त्या गोष्टीत यायला हवे.

शाळांतली बंदी १९५० मध्ये उठली. तोवर युरोपाने वाट पाहिली नव्हती. १९४८ मध्ये लंडनला युरोपीय ज्युदो संघ स्थापन झाला आणि जुलै १९५१ मध्ये त्यातूनच आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ उभा राहिला. पहिले अध्यक्ष इटलीचे आल्दो तोर्ती. माहेरचे माणूस नव्हतेच त्या बारशाला. पुढच्याच वर्षी जपान आत आला आणि कानो यांचे चिरंजीव रिसेई, जे कोदोकानचेही अध्यक्ष होते, महासंघाचे अध्यक्ष झाले. तेरा वर्षे दोन्ही किल्ल्या एकाच हातात राहिल्या.

पहिली जागतिक स्पर्धा १९५६ मध्ये तोक्योला झाली. २१ देशांचे ३१ खेळाडू, वजनगट नाहीत, एकच विजेता. शोकिची नात्सुई जिंकले, अंतिम सामन्यात दोघेही जपानी. १९५८ लाही तेच. मग १९६१ मध्ये पॅरिसला नेदरलँड्सच्या उट्रेख्टचा अँटन खेसिंक आला. उंची सहा फूट सहा इंच, वजन शंभर किलोच्या वर. त्याने गतविजेत्या कोजी सोनेला दाबून धरले आणि जगज्जेतेपद जपानबाहेर गेले. खेसिंक केवळ दांडगट नव्हता. तो वर्षानुवर्षे जपानमध्ये येऊन तेनरी विद्यापीठात घाम गाळत होता, आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेले हाकु मिचिगामी त्याला शिकवत होते. थोडक्यात, जपानच्याच हातांनी घडलेला पैलवान.

१९६४ चे ऑलिम्पिक तोक्योला होते आणि यजमानांच्या आग्रहाने ज्युदो त्यात आले. बुदोकान हे नवे सभागृह खास त्यासाठी बांधले गेले. चार गट ठरले: तीन वजनाचे आणि चौथा खुला, ज्यात कोणीही कोणाशीही लढावे. खरे ज्युदो तेच, ज्यात लहान माणूस मोठ्याला लोळवतो. पहिले तीन गट जपानने जिंकले. २३ ऑक्टोबरला खुल्या गटाची अंतिम लढत होती, खेसिंक विरुद्ध अकिओ कामिनागा.

नऊ मिनिटे बावीस सेकंद. शेवटी कामिनागाचा डाव फसला आणि खेसिंकने त्याला खाली घेऊन मान आणि हात बगलेत आवळून दाबून टाकले. ‘केसा-गातामे’, ज्युदोच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ती पकड. तीस सेकंद संपल्याची खूण झाली. सभागृहात स्मशानशांतता होती, माणसे रडत होती. तेवढ्यात आनंदाने बेभान झालेले खेसिंकचे डच पाठीराखे चटईकडे धावले. खेसिंकने हात उंचावून त्यांना जागीच थांबवले. आधी त्याने उठून कपडे नीट केले आणि कामिनागाला वाकून नमस्कार केला. नंतरच विजय.

जपानसाठी हा राष्ट्रीय पराभव होता. माझ्या मते मात्र ज्युदोच्या वाटचालीतला सर्वांत भाग्याचा दिवस हाच. चारही सुवर्णे घरातच राहिली असती तर जगाने ज्युदोला जपानचा घरगुती खेळ म्हणून बाजूला सारले असते. १९६८ च्या मेक्सिकोत तो नव्हताच. १९७२ मध्ये म्युनिकला परतला आणि मग हलला नाही. आणि तो हात! हरलेल्याच्या मानासाठी उंचावलेला तो हात पाहून अनेक जपानी वस्तादांनी कबूल केले की आमचे ज्युदो या परक्याला कळले आहे.

तोक्योच्या त्या पराभवाच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, महासंघाची किल्लीही गेली. अध्यक्षपदी ब्रिटनचे चार्ल्स पामर आले. तेही कोदोकानमध्ये राहून शिकलेले. जागतिक स्पर्धांत वजनगट आले, आणि हळूहळू खुला गट आक्रसला. ऑलिम्पिकमधली त्याची शेवटची लढत १९८४ ची, लॉस एंजेलिसची. यासुहिरो यामाशिताच्या उजव्या पोटरीचा स्नायू आधीच्या लढतीत फाटला होता, तो लंगडत चटईवर आला. समोर इजिप्तचा मोहम्मद रशवान. यामाशिता जिंकला. रशवानने दुखऱ्या पायाचा फायदा घेतला नाही, म्हणून त्याला खिलाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सलग २०३ लढती न हरता यामाशिता निवृत्त झाला.

स्त्रियांची वाट सर्वांत खडतर, आणि इथे कोदोकानला दोष द्यावाच लागेल. कानो यांनी १८९३ मध्येच एका स्त्रीला शिष्या केले होते आणि १९२६ मध्ये स्वतंत्र महिला विभाग काढला. म्हणजे दार लवकर उघडले, पण उंबरठ्याच्या आतच थांबवले. स्त्रियांना स्पर्धा नव्हती आणि श्रेणीत पाचव्या दानच्या पुढे जायला वाट नव्हती. कानो यांच्या पहिल्या गुरूंची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये या विभागात आली. उंची पाच फूटही नाही. ज्युदोसाठी तिने लग्न केले नाही, पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला शिकवत राहिली. पाचव्या दानवर ती सुमारे दोन दशके अडकून होती. नववी दान कोदोकानने तिला दिली तेव्हा तिचे वय नव्वदीच्या पुढे होते. दहावी अमेरिकन संघटनेने २०११ मध्ये दिली, वयाच्या ९८ व्या वर्षी.

दुसरी स्त्री न्यूयॉर्कची रस्टी कानोकोगी. १९५९ मध्ये पुरुषाच्या वेषात एका स्पर्धेत उतरून ती जिंकली. स्त्री आहे हे कळल्यावर तिचे पदक काढून घेतले. १९६२ मध्ये ती कोदोकानला गेली. महिला विभागात तिचे बळ मावेना, तेव्हा तिला पुरुषांबरोबर मोठ्या दालनात सराव करू दिला, हा मान मिळालेली ती पहिली. १९८० मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा तिने न्यूयॉर्कला भरवली, त्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले. १९८८ मध्ये सोलला प्रदर्शनीय म्हणून आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला पूर्ण मानाने स्त्रियांचे ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आले. कोसोव्हो या देशाला पहिल्यांदा ऑलिम्पिक पदक मिळाले, २०१६ च्या रिओत, ते मायलिंडा केल्मेंडीचे ज्युदोतले सुवर्ण होते. हे त्या गहाण टाकलेल्या घराचे व्याज समजायला हरकत नाही.

मग निळ्या रंगाचे भांडण आले. दोन्ही खेळाडू पांढऱ्यात असले की टीव्हीवर आणि पंचांनाही गोंधळ होतो, म्हणून एकाला निळा पोशाख द्यावा, ही सूचना खेसिंकची. जपानचा कडवा विरोध होता. न रंगवलेल्या सुती कापडाचा पांढरेपणा त्यांच्यासाठी मनाच्या स्वच्छतेची खूण होती. १९९७ मध्ये महासंघाने निळा स्वीकारला. माझे मन जपानकडे झुकते, डोळे मात्र खेसिंकचे म्हणणे पटवतात. सामना कळतो, हे नाकारता येत नाही.

नियमांचा फेरा त्याहून मोठा. सोव्हिएत सांबो, जॉर्जियाची कुस्ती, मंगोलियाची कुस्ती यांतून आलेले खेळाडू खाली वाकून पाय पकडू लागले. ज्युदो कुस्तीसारखे दिसायला लागले, तर ऑलिम्पिकमध्ये दोन सारखे खेळ कशाला, हा प्रश्न उभा राहण्याचा धोका होता. २०१० मध्ये पायांवर थेट हात घालण्यास बंदी आली, २०१३ मध्ये ती पूर्ण झाली. उभ्याने, कॉलर-बाही धरून, सरळ पाठीने लढायची जुनी कोदोकानी ढब त्यामुळे परतली. पण त्याच फटक्यात कोदोकानच्या यादीतले कित्येक डाव स्पर्धेतून गेले. पायात हात घालून केला जाणारा मूळचा काता-गुरुमाही गेला. संस्थापकाने ग्रंथालयात शोधलेला डाव त्याच्याच खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दंडाला पात्र ठरला. मला हे खुपते. आता तो मुख्यतः काताच्या सरावात दिसतो, घातक डावांच्या शेजारी, जिथे कोणी हरत नाही.

दरम्यान महासंघातला जपानचा शब्दही क्षीण झाला. २००७ मध्ये यामाशिता संचालकपदाची निवडणूक हरले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या पुरुषांना एकही सुवर्ण मिळाले नाही. २०१३ मध्ये १५ अव्वल महिला खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केल्याचे उघड झाले आणि जपानी संघटनेला आपले नेतृत्व बदलावे लागले. शाळांमधल्या ज्युदोत १९८३ पासूनच्या तीन दशकांत शंभराहून अधिक मुले दगावल्याचेही याच सुमारास चर्चेत आले. जी विद्या पडायला शिकवण्यापासून सुरू होते, तिच्यात मुले पडून मरावीत, याहून मोठा पराभव कोणता? खेसिंकने केलेला पराभव त्यापुढे काहीच नाही. २०२२ मध्ये जपानी महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी पालक आणि प्रशिक्षक लहानग्यांना पिळून काढतात, हे कारण त्यांनी उघडपणे दिले. पदकांच्या शर्यतीत असताना एवढे धाडस करायला मोठी छाती लागते.

आपल्या देशात ज्युदो पुन्हा रुजले ते १९६० च्या दशकात, राष्ट्रीय महासंघ झाल्यावर. मुंबईचे कावस बिलिमोरिया १९९२ मध्ये बार्सिलोनात भारताकडून उतरले. खरी फळे मणिपूरने दिली. सुशीला लिकमाबामने राष्ट्रकुल स्पर्धेत २०१४ आणि २०२२ मध्ये रौप्य मिळवले. २०२२ मध्येच सारायेव्होत लिंथोई चनंबम कॅडेट गटात जगज्जेती झाली, कोणत्याही वयोगटात ज्युदोचे जगज्जेतेपद मिळवणारी पहिली भारतीय. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत कांस्य आणले. या प्रकारात दोघेही एकमेकांचे कपडे धरूनच लढत सुरू करतात. समोरच्याचा तोल हातांनी वाचायचा. कानो ज्याला तोल मोडणे म्हणत, ते इथे डोळ्यांच्या मदतीशिवाय दिसते. महाराष्ट्रात लाल मातीतून गादीवर गेलेल्या पोरांना ज्युदो परके वाटू नये. चितपट म्हणजे ‘इप्पोन’, एका डावात निकाल. आपल्या तालमींनी या खेळाकडे आणखी मायेने पाहावे असे मला फार वाटते.

३ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये मिश्र सांघिक अंतिम सामना, जपान विरुद्ध फ्रान्स. फ्रान्समध्ये आज जपानपेक्षा कितीतरी अधिक नोंदणीकृत ज्युदोपटू आहेत. कावाइशींनी लावलेल्या झाडाचा वड झाला आहे. जपान ३-१ ने पुढे होता, फ्रान्सने ३-३ केले. निर्णायक लढतीसाठी पडद्यावर वजनगटांची चिठ्ठी फिरली आणि सर्वांत जड गटावर थांबली. टेडी रिनेर विरुद्ध तात्सुरु साइतो. तात्सुरुचे वडील हितोशी साइतो यांनी १९८४ आणि १९८८ मध्ये जपानला ऑलिम्पिक सुवर्णे दिली होती. रिनेर जिंकला, सभागृह दणाणले. दोघे समोरासमोर उभे राहून वाकले.

कोदोकानची आठ मजली इमारत आजही तोक्योत सुइदोबाशीजवळ उभी आहे. सातव्या मजल्यावर ४२० चटयांचे मोठे दालन आहे. २००९ मध्ये संस्थेचे अध्यक्ष झाले हारुकी उएमुरा, कानो घराण्याबाहेरचे पहिले. १९७६ च्या मॉन्ट्रिऑलमध्ये खुल्या गटाचे सुवर्ण त्यांनी जिंकले होते. २९ एप्रिलला बुदोकानमध्ये अखिल जपान अजिंक्यपद होते. तिथे अजून वजनगट नाहीत आणि दोघेही पांढऱ्यातच लढतात, ओळखायला एकाच्या कमरेला लाल पट्टी. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत कोदोकानमध्ये दहा दिवसांचा ‘कांगेइको’ असतो. पहाटे साडेपाचला दालन उघडते. लहान मुले, पांढऱ्या केसांचे निवृत्त लोक, परदेशातून आलेले तरुण रांगेत बसतात, कानो यांच्या तसबिरीला वाकतात, आणि मग अंधारातच चटयांवर पडण्याच्या थापा ऐकू यायला लागतात.